पॅटनला भोक कुठे आणि केवढं?

प्रश्न : मी १:३५ प्रमाणातला एम-४८ पॅटन रणगाडा जोडला आहे. तो १९६५च्या युद्धात असल उत्तरला निकामी झालेला दाखवायचा आहे. तापवलेल्या सुईने बाजूला चार-पाच भोकं पाडली, पण गोळे लागल्यासारखं काही दिसेना. उंदरांनी खेळणं कुरतडलंय असंच वाटतं. खरं नुकसान कसं दिसतं आणि ते बघायला कुठे मिळेल?
– एक वाचक, खेड (जि. रत्नागिरी)

उत्तर : सुई आधी बाजूला ठेवा. सुईच्या उष्णतेने प्लास्टिक वितळून भोकाला गुळगुळीत, फुगीर कड येते. पोलादाला गोळा लागला की अशी कड येत नाही. हत्यार बदलणं सोपं आहे, पण त्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी होती. या रणगाड्याला कोणी मारलं, कशाने मारलं आणि कुठल्या बाजूने मारलं? हे ठरलं की भोकाचा आकार, जागा आणि संख्या आपोआप ठरते. बहुतेक वेळा भोक एकच लागतं, फार तर दोन. चार-पाच भोकांचा रणगाडा सिनेमात शोभतो.

लढाई तुम्ही छान निवडली आहे, कारण तिथे मारणारे निरनिराळे होते. ८ ते १० सप्टेंबर १९६५ या दिवसांत पंजाबात खेमकरणजवळ ही लढाई झाली. आपल्या बाजूला थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन होते, डेक्कन हॉर्सचे दुसऱ्या महायुद्धातले शर्मन होते आणि एट्थ लाइट कॅव्हलरीचे हलके एएमएक्स-१३ होते. शिवाय जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफा. फोर्थ ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद अशाच एका जीपवरून लढले आणि १० सप्टेंबरला धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. आता या चौघांपैकी तुमच्या पॅटनला कोणी टिपलं, ते तुम्ही ठरवायचं.

समजा शर्मनने टिपलं. त्याची तोफ ७५ किंवा ७६ मिलिमीटरची. भरीव पोलादी गोळा चिलखतातून आरपार गेला, तर भोक जवळजवळ गोळ्याच्याच मापाचं पडतं. ७६ला ३५ने भागा, २.२ मिलिमीटर येतात. सेंच्युरियनची तोफ मात्र ८४ मिलिमीटरची असली, तरी भोक ८४चं पडेलच असं नाही. तिच्या एका जातीच्या गोळ्यात टंगस्टन कार्बाइडचा बारीक गाभा असतो. भोवतालचं आवरण नळीबाहेर पडताच गळून जातं आणि गाभा तेवढा पुढे जाऊन घुसतो. म्हणजे तोफ मोठी आणि भोक लहान.

सगळ्यांचा अंदाज चुकतो तो रिकॉइललेसच्या बाबतीत. १०६चा गोळा म्हणजे १०६चं भोक, म्हणजे मॉडेलवर तीन मिलिमीटर, असा हिशेब करून लोक ड्रिल चालवतात. या तोफेच्या रणगाडाविरोधी गोळ्याच्या पोटात स्फोटक असतं आणि स्फोटकाच्या तोंडाशी तांब्याचा पोकळ शंकू. गोळा चिलखताला टेकला की स्फोट होतो, शंकू आतल्या आत चेपला जातो आणि तांब्याची बारीक, अतिवेगवान धार पुढे सुटते. ती पोलाद वितळवते असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं, पण ते खरं नाही. धारेचा वेग आणि दाबच इतका असतो की त्यापुढे पोलादाला बाजूला सरकावं लागतं. त्यामुळे बाहेरून दिसणारं भोक जेमतेम दोन बोटं जातील एवढं असतं. मॉडेलवर ते एक मिलिमीटर, तेवढंच. पण भोवतीचा भाग बघण्यासारखा असतो. स्फोट बाहेरच झालेला असतो, म्हणून रंग गोलाकार उडालेला, मध्ये काळपट डाग आणि त्यातून सगळ्या दिशांना बारीक ओरखडे फुटलेले. एक मिलिमीटरचं टोक लावलेल्या हातड्रिलने भोक पाडा, मग ब्लेडच्या टोकाने भोवती हलक्या हाताने खरवडा. स्टेशनरीच्या दुकानातल्या पेन्सिलीचं शिसं बोटाने चोळलं की त्या जागेला धातूची झाक येते.

भरीव गोळ्याचं भोक वेगळं करावं लागतं. दोन मिलिमीटरचं छिद्र पाडून त्याच्या कडेला पातळ प्लास्टिक सिमेंट लावा, दोनेक मिनिटं थांबा आणि छिद्राहून किंचित जाड, निमुळती काडी आत दाबून फिरवा. मऊ झालेलं प्लास्टिक कडेने वर येतं आणि वेडावाकडा काठ तयार होतो. तो काठ सगळीकडे सारखा येऊ देऊ नका. आतल्या बाजूने काळा रंग द्यायला विसरू नका, नाहीतर भोकातून किटचा रिकामा, पांढरा पोकळपणा दिसतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. तिरका लागून निसटलेला गोळा भोक पाडत नाही. त्याची लांबट, उथळ खाच पडते आणि गोळा जिथून उडाला त्या टोकाला धातू थोडा उचललेला असतो. गोल कानशीने दोन हात मारले की खाच होते. ती पॅटनच्या गोलसर टरेटवर फार छान दिसते.

दिशा तपासायची एक सोपी युक्ती आहे. भोकात उदबत्तीची काडी घाला आणि मागे होऊन बघा. काडीचं बाहेरचं टोक जिकडे रोखलेलं असेल, तिकडे शत्रू होता. आकाशाकडे रोखलं असेल, तर तुमच्या पॅटनवर विमानाने हल्ला केला. जमिनीकडे रोखलं असेल, तर जमिनीखालच्या माणसाने! म्हणून ड्रिल काटकोनात धरू नका, गोळा ज्या कोनातून आला त्या कोनात धरा. असल उत्तरला आपले रणगाडे घोड्याच्या नालासारखी रचना करून उसात दबा धरून बसले होते. पॅटन त्या नालात शिरले आणि मार बाजूंनी बसला. म्हणून भोक समोरच्या जाड चिलखतावर न करता हल किंवा टरेटच्या बाजूला करा.

आता पातळ पत्रा. मडगार्ड, अवजारांच्या पेट्या, दिव्यांच्या जाळ्या यांना चिलखत नसतं. आजूबाजूला तोफगोळा फुटला तरी ते फाटतात, चेपतात, लोंबतात. साध्या रायफलीची गोळी चिलखताला फक्त रंगाचा टवका काढते, पेटीला मात्र आरपार जाते. किटमधलं मडगार्ड एक मिलिमीटर जाड असतं. त्याला ३५ने गुणा, म्हणजे खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटर जाडीचा पत्रा! तो वाकवून कितीही मोडला, तरी प्लास्टिकच वाटणार. शीतपेयाच्या अॅल्युमिनियम कॅनची भिंत साधारण ०.१ मिलिमीटर असते. तिला ३५ने गुणलं की साडेतीन मिलिमीटर येतात, मडगार्डाला शोभेल अशी जाडी. रिकाम्या कॅनचा तुकडा कात्रीने कापा, मूळ मडगार्डावर दाबून आकार घ्या, मूळ भाग काढून हा चिकटवा आणि मग खुशाल फाडा. कडा धारदार असतात, बोटं सांभाळा.

पेटलेला पॅटन करायचा असेल, तर काम वाढतं. आग आतून लागते, त्यामुळे झाकणांच्या आणि इंजिनाच्या जाळीच्या वर रंग जळतो. खालच्या भागात मूळ हिरवा शाबूत राहू शकतो. चाकांवरचं रबर जळून जातं, म्हणून चाकं बारीक होतात आणि पट्टा सैल पडतो. एम-४८ची चाकं पोलादी टॉर्शन बारवर तोललेली असतात. आगीने ते बार ढिले पडले की रणगाडा खाली बसतो, कधी एका बाजूला कलतो. मॉडेलची चाकं चिकटवण्याआधी हे ठरवलेलं बरं, नंतर उपटावी लागतात.

जळलेल्या लोखंडाचा रंग तर तुम्हाला खेडमध्येच बघायला मिळेल. शिमग्याचा होम झाल्यावर दुसऱ्या दिवशी राखेत एखादा जळका डबा किंवा पत्र्याचा तुकडा हमखास सापडतो. त्यावर आधी राखाडी-पांढुरका लेप दिसतो. दोन रात्रींचं दव पडलं की त्याच्यावर भडक नारिंगी गंज चढतो. नुकत्याच जळलेल्या रणगाड्याला हाच रंग द्या. लोट्याच्या एमआयडीसीकडून आलेलं, गॅस कटरने कापलेलं भंगार भंगारवाल्याकडे पडलेलं असतं. त्याच्या कापलेल्या कडेलाही तसाच ताजा गंज चढलेला दिसेल. याउलट रसाळगडावर रंग न दिलेली एखादी जुनी तोफ बघा. शेकडो पावसाळे खाल्लेला गंज चॉकलेटी, जवळजवळ काळा असतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. मॉडेल करणाऱ्यांचा आवडता गंज हा दुसरा आहे, आणि लढाईनंतर चार दिवसांच्या रणगाड्यावर तो साफ चुकीचा ठरतो.

बघायला जायचं तर अहिल्यानगरला जा. तेव्हाच्या अहमदनगरात आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने फेब्रुवारी १९९४मध्ये सुरू केलेलं कॅव्हलरी टँक म्युझियम तिथे आहे. शर्मनच्या पिढीतले ब्रिटिश रणगाडे, जपानी चि-हा, आपले सेंच्युरियन आणि पाकिस्तानकडून घेतलेला पॅटन, सगळं एका आवारात. खेडहून पुण्यावरून जा आणि एक रात्र मुक्काम धरा, घाईत ते बघण्यात अर्थ नाही. तिथला रंग मात्र नमुना म्हणून घेऊ नका. संग्रहालयात गंज टिकू देत नाहीत, सगळ्यावर नवा हिरवा फिरतो. तिथून पत्र्याची जाडी घ्या, ओतीव पोलादाचा खरखरीतपणा घ्या आणि जोड कुठे आहेत ते बघा. पॅटनचं हल आणि टरेट ओतलेलं असतं, त्यामुळे पृष्ठभाग बारीक दाणेदार दिसतो. किटचं प्लास्टिक गुळगुळीत असतं. पातळ केलेली पुट्टी जुन्या टूथब्रशने ठोकून लावली की तो दाणेदारपणा येतो. हे काम भोकांच्या आधी करा.

अहिल्यानगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये ‘फमागुस्ता’ जपलेला आहे. तो पूना हॉर्सचा सेंच्युरियन. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ला बसंतरच्या लढाईत त्यातून लढले. गोळा लागून रणगाडा पेटला होता आणि बाहेर पडण्याचा हुकूम आला होता. पण तोफ चालू होती, म्हणून ते थांबले आणि शेवटच्या गोळ्याने गेले. त्यांनाही परमवीर चक्र मिळालं. तुमच्या कामासाठी यातली नेमकी गोष्ट अशी की, गोळा लागलेला रणगाडा आणि मेलेला रणगाडा एकच नसतो. भोक पडूनही नळी सरळ, पट्टा ताणलेला, झाकणं बंद असू शकतात.

उलटंही होतं. असल उत्तरला अनेक पॅटन गोळा न लागताच हाती आले. शेतांत पाणी सोडलं होतं, जड रणगाडे चिखलात रुतले आणि चालक दल उतरून गेलं. असे जप्त केलेले पॅटन नंतर भिखीविंडजवळ ओळीने उभे केले गेले आणि त्या जागेला पॅटननगर म्हणू लागले. मला विचाराल तर तुमचा पॅटन असाच करा. झाकणं उघडी, वरच्या मशीनगनची नळी खाली झुकलेली, बाहेर घाईत टाकलेली चादर किंवा पाण्याची बाटली, पट्टे अर्धे गाडलेले. भोक एकही नाही. करायला हे जास्त अवघड आहे, कारण काळजीपूर्वक रंगवलेला रुबाबदार रणगाडा हरलेला दाखवायचा असतो आणि त्यासाठी काळा रंग किंवा ड्रिल मदतीला येत नाही.

रंगाची खपली उडालेली दाखवायला खाली गंजाचा रंग द्या, तो वाळला की हेअरस्प्रे मारा आणि वर हिरवा द्या. मग ओल्या ब्रशने हळूहळू घासा. मिठाची पद्धतही आहे. गंजाच्या रंगावर पाणी लावून जाडं मीठ पेरतात, वर रंग देतात आणि वाळल्यावर मीठ झाडतात. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत मात्र खेडमध्ये ही पद्धत जमणार नाही, मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि सगळा राडा होतो. लॅकर रंगही पावसाळ्यात पांढुरके पडतात. रंगाचा शेवटचा हात दिवाळीनंतरच द्या.

आता मातीचं. अंगणातली माती चाळून पट्ट्यांवर लावायची सवय सगळ्यांनाच असते, पण कोकणातली जांभ्याची लाल माती लागली की रणगाडा थेट जगबुडीच्या काठावर आला असं वाटतं. खेमकरणची माती गाळाची आहे, फिकट, राखाडीकडे झुकणारी. दगडाची बारीक पूड, थोडा तपकिरी रंग आणि पांढऱ्या गोंदाचं पाणी एकत्र करून ती तयार करा. चाकांच्या आतल्या बाजूला ओली गडद ठेवा, बाहेर सुकलेली फिकट करा, आणि पट्ट्यांत उसाच्या पात्यांचे दोन-तीन तुकडे अडकवा.