ज्वारीचा धांडा आणि विमान

कामठीच्या परिसरात ज्वारीची कापणी झाली, की मुले धांड्यांच्या बैलगाड्या करीत आली आहेत. मुलांनो, असा एक धांडा सोलून पाहा. बाहेर कठीण साल आणि आत पांढरे, हलके भेंड! भेंड बोटाने दबते, साल सहज वाकते. पण दोन्ही एकत्र असली, म्हणजे धांडा वाऱ्यातही ताठ उभा राहतो. वाकताना एका बाजूची साल ताणली जाते, दुसरीकडची दाबली जाते. भेंड त्या दोहोंना एकमेकींपासून दूर धरते.

कारखान्यातही अशीच रचना करतात. फेसाच्या हलक्या फळीच्या दोन्ही अंगांवर काचेच्या किंवा कार्बनच्या तंतूंचे कापड राळेत भिजवून बसवितात. मग सारे हवाबंद पिशवीत घालून आतील हवा पंपाने ओढून घेतात. बाहेरच्या हवेच्या दाबाने थर घट्ट बसतात आणि राळ कठीण होते. 1940 साली उडालेल्या ‘मॉस्किटो’ विमानात भेंडाच्या जागी बाल्साचे हलके लाकूड होते. नागपूरच्या मिहानमध्ये तर बोइंग 787 विमानासाठी कार्बन-तंतूंच्या तुळया घडल्या आहेत.

मात्र थराखाली हवेचा बुडबुडा राहिला, तर साल भेंडापासून सुटू लागते आणि असा भाग आकाशात दगा देतो. म्हणून कारागीर फळीवर नाणे वाजवून कान देतो. सांधा पक्का असेल तेथे आवाज खणखणीत येतो. सुटला असेल तेथे बद्द.