वळिवड्याचे पाहुणे

खडकवासल्याच्या वर पानशेत आणि वरसगावची धरणं झाली, तेव्हा खोऱ्यातली गावं उठली. घर सोडणं म्हणजे काय, हे आपल्या भागाला ठाऊक आहे. आज आपण लढाईमुळे उठलेल्या माणसांची हकिकत वाचू.

युरोपात पोलंड नावाचा देश आहे. १९३९ साली त्याच्यावर एका बाजूने जर्मनी आणि दुसऱ्या बाजूने रशिया चालून आला. रशियाच्या सरकारने हजारो पोलिश कुटुंबांना घराबाहेर काढलं. मालगाडीच्या डब्यांत भरून दूर सायबेरियाच्या थंडीत नेलं. तिथं बायांनी लाकडं तोडली. भुकेने आणि तापाने कितीतरी लेकरं गेली.

१९४१ साली जर्मनी रशियावरच उलटला. तेव्हा रशियाने या लोकांना सोडलं. पण जायचं कुठं? घर तर शत्रूच्या हाती! १९४२ साली कास्पियन समुद्र ओलांडून ते इराणात आले. पुरुष लढाईवर गेले. बायामुलं मात्र पुढं निघाली. बोटीने कराची गाठली आणि आगगाडीने आली कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला.

१९४३ साली इथं त्यांची छावणी उभी राहिली. सुमारे ५,००० माणसं होती. राहायला चाळी होत्या. शाळा, दवाखाना, प्रार्थनेचं देऊळ, सगळं होतं. मुलं पुन्हा शिकू लागली. जे इथंच वारले, त्यांच्या कबरी आजही कोल्हापुरात आहेत.

लढाई संपली. १९४८ सालापर्यंत पाहुणे निघून गेले. पण चाळी ओस पडल्या नाहीत बरं का! फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबं तिथं राहायला आली. कापडाच्या बाजारासाठी नावाजलेलं गांधीनगर ते हेच.

पाहुणे विसरले का? नाही. २०१९ साली त्यांतले काहीजण म्हातारपणी पुन्हा कोल्हापूरला आले. लहानपणी जिथं खेळले, ती जागा त्यांनी डोळे भरून पाहिली. पोलंडची राजधानी वॉर्सा इथं कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

हजारो मैलांवरचे लोक आपल्या गावाचं नाव दगडावर कोरतात. कशासाठी? अडल्या वेळी निवारा दिला, एवढ्याचसाठी.

विचार करा :
१. वळिवड्याला बायामुलंच जास्त का आली?
२. तुमच्या गावात घर सोडून आलेलं कुणी आहे का? त्यांची हकिकत विचारून घ्या आणि चार ओळी लिहा.