जाळे कुणाचे आधी तुटावे?



दूरदर्शनवरचा 'एक अनेक और एकता' हा कार्टूनपट पुष्कळांना आठवत असेल. फिल्म्स डिव्हिजनचा १९७४ सालचा हा जेमतेम सात मिनिटांचा चित्रपट विजया मुळे यांनी केला.

आशय : 'अनेक' म्हणजे काय, असे मुलगा विचारतो. ताई गोष्ट सांगते. जाळ्यात सापडलेले पक्षी एकजुटीने जाळ्यासकट उडतात आणि मित्र उंदीर जाळे कुरतडतात.

संगीत : वसंत देसाई यांचे. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) मधील प्रार्थनेला चाल देणारे तेच. एक आवाज विचारतो, दुसरा सांगतो, मग सारी मुले गातात. चालीतूनच अनेकांचे एक होते.

मूळ : पंचतंत्रातील 'मित्रसंप्राप्ती'. तेथे हिरण्यक उंदीर आपला मित्र, कबुतरांचा राजा चित्रग्रीव, याचे पाश आधी तोडू लागतो. राजा म्हणतो, आधी माझ्या सोबत्यांचे, मग माझे.

चित्रपटात हा प्रसंग नाही. पालकांनी तो मुलांना जरूर सांगावा. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदी बदलापुरात शिरली. अशा वेळी माणसे एकत्र येतातच. खरी परीक्षा पाणी ओसरल्यावर, मदतीची यादी करताना होते. तिथे आपले नाव वर असावे असे प्रत्येकाला वाटते, मलाही.

घरी बोलण्यासाठी प्रश्न : आपल्या घरात सर्वांत शेवटी कोण जेवते? त्यांच्यासाठी आपण काय राखून ठेवतो?