कूपन वटते कसे?

कूपन म्हणजे दुकानदाराने खुशीने सोडलेले चार पैसे, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. बँकेत काउंटरवर बसणाऱ्या माणसाला कूपन पाहिले की धनादेश आठवतो.

ही पद्धत खरी रुजली अमेरिकेत. आपली मुले-मुली आज शिक्षण-नोकरीसाठी तिकडे जातात, तेव्हा तिथलाच व्यवहार पाहू. साबण किंवा टूथपेस्ट बनविणारी कंपनी १ डॉलर सुटीचे कूपन काढते. गिऱ्हाईक ते गल्ल्यावर देते आणि दुकानदार डॉलर कमी घेतो. साठलेली कूपने तो क्लिअरिंगला पाठवतो. कंपनी त्याला डॉलर परत देते, वर हाताळणीचे बहुधा ८ सेंट. मात्र अटी पाळलेल्या नसतील तर न वटलेल्या धनादेशासारखे कूपन परत येऊ शकते. मग तो डॉलर कंपनीचा जात नाही, दुकानदाराचा जातो.

पंचशीलातील दुसरे शील सांगते, जे दिलेले नाही ते घेऊ नये. कूपनात तर काय दिले आहे ते छापलेलेच असते! मोठ्या बाटलीचे कूपन लहान बाटलीवर चालवणे, मुदत संपलेले गर्दीत सरकवणे, झेरॉक्स काढणे, हे सारे न दिलेले घेणेच. यंत्राने कूपन स्वीकारले म्हणजे आपला हक्क झाला, असेही नाही. जुन्या कूपनांच्या बारकोडमध्ये तपशील कमी असे. त्यामुळे महाग वस्तूचे कूपन त्याच कंपनीच्या स्वस्त वस्तूवर चालून जाई, आणि काही लोक ही युक्ती एकमेकांना शिकवीत. सुटीत घेतलेली वस्तू परत करताना दिलेले पैसेच मागावेत, छापील किंमत नव्हे.

उलट, चार बाटल्या घेतल्या, चार खरी कूपने दिली आणि दुकानाची वेगळी मर्यादा नसली, तर त्यात संकोचण्यासारखे काही नाही. काटकसर आणि लबाडी यांची गल्लत करू नये.

लबाडी कुठवर जाते पाहा. २०२१ साली व्हर्जिनिया राज्यात घरच्या संगणकावर बनावट कूपने तयार करून विकणाऱ्या एका महिलेला १२ वर्षांची कैद झाली. नुकसान ३ कोटी १० लाख डॉलरच्या वर होते.

आपल्याकडे कूपनापेक्षा 'मोफत'चा जोर अधिक. इथे विक्रेत्याचेही कर्तव्य आहे. कमाल किमतीपेक्षा कमी घेण्यास त्याला मुभा आहे, जास्त घेण्यास नाही. शिवाय वस्तूच्या किमतीतच खर्च वसूल करून ती भेट 'मोफत' भासवणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ही तरतूद होती आणि त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या कायद्यातही ती आहे. म्हणून योजनेची जाहिरात आणि बिल जपून ठेवावे. दुकानदाराने दाद दिली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते.