गळाला खायला काहीच नव्हतं (भागवत ११.८.१९ ते २१)



काल हरीण झालं, आज मासा. अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतोय आणि श्रीकृष्ण ते उद्धवाला ऐकवतायत. मासा तीन श्लोकांतच आटोपतो. पहिला सगळ्यांना माहीत असतो: जिभेच्या ओढीने मासा गळाला लागतो, तसाच माणूसही रसाच्या मोहात जीव गमावतो. पण इथे शब्द ‘भूक’ नाही, ‘रस’ आहे. हा फरक मला या दिवाळीत पाचोऱ्याला नीट दिसला.

अमेरिकेतला मावसभाऊ फ्लाय फिशिंगचा रॉड घेऊन आला होता. हिवरा नदीकडे जाणाऱ्या एका ओहोळाला अजून पाणी होतं, म्हणून भरीत, कळण्याच्या भाकरी, ठेचा बांधून सगळं घर तिकडे निघालं. (घर माळकरी. आजीची अट होती की आलेला मासा लगेच पाण्यात सोडायचा. “पण टोचतं तर ना रे?” हा तिचा पुढचा प्रश्न. भावाने हुकाचं उलटं टोक पकडीने दाबून सपाट केलं, म्हणजे हुक पटकन सुटतो. आजीचं समाधान झालं नाही. खरं सांगू तर माझंही नाही.)

आपल्याकडे गळ म्हणजे काठी, दोरा आणि हुकाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. माशाला निदान एक घास तरी खरा मिळतो. फ्लायमध्ये तेवढंही नाही. हुकावर पिसं, केस, रंगीत दोरा गुंडाळून किड्याचं सोंग केलेलं असतं. त्याला वजन जवळजवळ नसतंच, म्हणून जाड दोरीच्या वजनावर ते लांब फेकतात. पाण्यावर अलगद टेकलं की माशी बसल्यासारखं दिसतं. दुपारपर्यंत दोन बोटभर मासे त्याला फसले.

पप्पा बराच वेळ बघत होते. मग त्यांनी विचारलं, “म्हणजे ह्याच्यात खायला काहीच नाही?”

“काहीच नाही, काका.”

रात्री साडेअकराला पोट भरलेलं असताना आपण फूड ॲप उघडतो, तेव्हा समोर असतो फक्त फोटो. त्यात पनीर नाही, बटर नाही, आठवणीतली चव आहे. माशाला तर हात नाहीत, वस्तू तपासायची तर तोंडातच घ्यावी लागते. आपल्याला बोट आणि ऑर्डरचं बटण यांच्यामध्ये दोन सेकंद तरी मिळतात.

दुसरा श्लोक जास्त अवघड आहे. अन्न सोडलं की बाकी इंद्रियं लवकर ताब्यात येतात, जीभ मात्र उपाशी माणसाची उलट वाढते. आणि तिसरा म्हणतो, ती जिंकेपर्यंत जितेंद्रिय म्हणवून घेऊ नका. एकनाथ महाराजांनी याच एकादश स्कंधावर टीका लिहिली, पैठणला सुरू करून १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली. तुमच्या घरी नाथभागवत असेल तर आठवा अध्याय काढून हा भाग आज वाचाच.

पप्पा ३० वर्षं महिन्याच्या दोन्ही एकादशा करतात. त्यांना शुगर आहे आणि एकादशीच्या दुसऱ्या दिवशी रीडिंग हमखास वर असतं, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा, वर गोड दही. डॉक्टर साबुदाणा बंद करा म्हणाले, तेव्हा पप्पा चिडले होते, “देवाचं आहे ते.” त्यांच्या निष्ठेवर मला शंका नाही. पण खिचडी देवाची की जिभेची, हे मुलाने बापाला कसं सांगायचं? मी सांगितलं नाही. ओहोळावरून आल्यावर त्यांनीच हे तीन श्लोक वाचायला लावले, विसावा दोनदा.

परवा कार्तिकी एकादशी. साबुदाणा भिजवायचा का, असं आईने काल फोनवर विचारलं. पप्पा म्हणाले, “उद्या सांगतो.”

(तुमच्या घरी कोणाला शुगरची औषधं चालू असतील तर उपवास डॉक्टरांना विचारूनच करा.)

आजचा अभ्यास: जेवताना फोन दुसऱ्या खोलीत. उद्या श्लोक २२ पासून, पिंगलेची गोष्ट.

राम कृष्ण हरी.