मासे आणण्यापूर्वी

पुण्या-मुंबईकडील मध्यमवर्गीय घरांच्या माळ्यावर, जुनी पितळी भांडी, मोडका पाळणा आणि मुलांच्या वह्यांचे गठ्ठे यांच्या शेजारी, हल्ली एक रिकामी काचेची पेटी हटकून आढळते. तिच्या तळाशी रंगीत खड्यांचे थोडे अवशेष असतात, काचेच्या कडेला क्षारांची पांढरी रेघ उमटलेली असते, आणि चौकशी केली तर घरातील माणसे काहीशा खिन्न स्वराने सांगतात की मासे आणले होते, पण ते जगले नाहीत. मासा हा जीव मुळातच नाजूक, असा निष्कर्ष काढून ती मंडळी विषय संपवितात. हा निष्कर्ष मला मान्य नाही. नीट ठेवलेला सोनमासा दहा-पंधरा वर्षे जगू शकतो, आणि गप्पीसारखा यःकश्चित समजला जाणारा मासाही दोन-अडीच वर्षे सुखाने नांदून आपला वंश वाढवितो. वर्षानुवर्षे जगावयाचे प्राणी पंधरवड्याच्या आत का दगावतात, याची कारणमीमांसा करावी आणि जे या छंदाच्या उंबरठ्यावर उभे आहेत त्यांना वेळीच सावध करावे, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

आमच्या घरी पेटी आली ती पुतणीच्या आग्रहाने. विक्रेत्याने एकाच फेरीत सर्व सरंजाम हवाली केला: पेटी, झाकण, दिवा, निळी-गुलाबी खडी, प्लॅस्टिकची झाडे, हवेचा पंप, औषधी थेंबांच्या दोन बाटल्या आणि हवा भरलेल्या पिशव्यांतून डझनभर मासे. पाण्यात थेंब टाका, अर्धा तास थांबा आणि मासे सोडा, एवढी सूचना देऊन त्याने पावती फाडली. तीन-चार दिवसांत पाणी दुधाळ झाले. त्याच दुकानाकडून ठरीव रकमेवर पेटी धुऊन देणारा माणूस येत असे. त्याने सगळे पाणी उपसले, खडी नळाखाली खळखळून धुतली, फिल्टरमधील स्पंज पिळून पिळून कोरा केला, आणि पेटी पुन्हा नळाच्या पाण्याने काठोकाठ भरून दिली. पाणी अगदी नितळ दिसू लागले, आणि त्याच नितळ पाण्यात मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. त्यांचे कल्ले लालभडक झाले, पर अंगाशी मिटले, आणि आठवडा उलटण्यापूर्वी बहुतेक सर्व गतप्राण झाले. पुतणीने पुढे कित्येक दिवस त्या कोपऱ्याकडे पाहण्याचे सोडून दिले होते. विक्रेत्याची कैफियत अशी पडली की तो मालच नरम होता, दुसरे मासे घेऊन जावे.

दुसरे मासे मी घेतले नाहीत. मृत्यूचे कारण समजल्यावाचून पुन्हा जीव विकत आणणे मला गैर वाटले, आणि म्हणून रसायनशास्त्राची व मत्स्यपालनाची पुस्तके चाळावयास घेतली. त्यांत जे सापडले ते इतके साधे होते की विक्रीच्या वेळी ते दोन वाक्यांत सांगता आले असते. मासा आपल्या शरीरातील नत्रयुक्त त्याज्य द्रव्य बव्हंशी कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो, आणि न खाल्लेले अन्न व विष्ठा कुजून त्यात आणखी भर पडते. नदीच्या वा तळ्याच्या विपुल जलराशीत हे विष विरून जाते. पन्नास-साठ लिटर पाण्याच्या बंदिस्त पेटीत मात्र ते साचत राहते आणि कल्ल्यांची त्वचा जाळून टाकते. निसर्गाने यावर दोन प्रकारच्या सूक्ष्म जंतूंची तजवीज केलेली आहे: एक प्रकार अमोनियाचे नायट्राइट बनवितो, दुसरा त्या नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी असे नायट्रेट बनवितो. हे परिवर्तन केवळ रासायनिक नसून सजीवांकडून घडते, हे श्लोझिंग आणि म्यून्त्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1877 मध्ये सांडपाणी वाळूतून झिरपवून दाखविले, आणि 1890 च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने ते जंतू वेगळे करून त्यांची ओळख पटविली. म्हणजे हे ज्ञान शंभराहून अधिक वर्षे जुने आहे. ते दुकानाच्या फळीपर्यंत पोहोचलेले नाही, हे दुर्दैव.

या जंतूंची वस्ती मोकळ्या पाण्यात फारशी नसते. ते खडीवर, काचेवर आणि मुख्यतः फिल्टरच्या स्पंजात घर करतात, आणि इतर जंतूंच्या मानाने अत्यंत मंदगतीने वाढतात. नव्या पेटीत त्यांची संख्या पुरेशी होण्यास आपल्या हवामानात साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात, आणि ही मुदत कोणत्याही बाटलीने सर्वस्वी टळते यावर मी इतबार ठेवीत नाही. पाण्याला आलेला दुधाळपणा हा निराळ्या, झपाट्याने वाढणाऱ्या जंतूंचा असतो आणि तो आपोआप निवळतो. आमच्या पेटीत जी काही उपयुक्त वस्ती नुकती रुजू लागली होती, ती त्या धुण्याने समूळ वाहून गेली, नळाच्या क्लोरीनने उरलीसुरली मारली, आणि पूर्ण संख्येचे मासे पुन्हा अगदी निराधार पाण्यात सोडले गेले. ज्या ज्या घरांत दर रविवारी पेटी रिकामी करून घासण्याचा दस्तूर आहे, त्या त्या घरांत हाच प्रकार घडत असतो, आणि स्वच्छतेची इतकी हौस असूनही मासे का मरतात, म्हणून माणसे हळहळत असतात.

सबब, पेटी घेतल्यावर ती मासे नसताना चालू करावी. खडी धुऊन दोन इंच जाडीचा थर द्यावा, पाणी भरावे, फिल्टर अहोरात्र चालू ठेवावा आणि रोज चिमूटभर माशांचे खाद्य पाण्यात टाकून ते कुजू द्यावे, म्हणजे जंतूंना अमोनिया मिळत राहतो. एखाद्या परिचिताची जुनी, निरोगी पेटी असेल तर तिच्या फिल्टरमधील स्पंजाचा तुकडा मागून आणावा. त्याने काम पुष्कळ लवकर होते. बाजारात थेंब टाकून रंग पाहावयाचे तपासणी संच मिळतात. प्रथम अमोनिया चढतो, मग तो उतरू लागतो तसा नायट्राइट चढतो, आणि शेवटी दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागते. त्या दिवशी पेटी सिद्ध झाली असे समजावे. लहान मुलांच्या घरी हा काळ कठीण जातो, हे मी जाणतो. पण माझ्या अनुभवात, रोजच्या रंगाची तारीखवार नोंद वहीत करण्याचे काम मुलांकडे सोपविले की ती या अदृश्य व्यापारात आश्चर्यकारक रस घेतात, आणि माशांची वाट पाहणे हाच एक अभ्यास होऊन बसतो.

पेटीच्या आकाराविषयी लोकांची समजूत नेमकी उलटी असते. लहान पेटी सोपी, असे मानून काचेचा गोल वाडगा आणला जातो. वस्तुतः पाणी जितके कमी तितका बिघाड जलद, आणि गोल भांड्याच्या अरुंद तोंडातून हवेची देवघेवही अपुरी होते. नवशिक्याने दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच याहून लहान पेटी घेऊ नये. तिच्यात सुमारे 56 लिटर पाणी मावते, आणि काच व खडी धरून भार सत्तर किलोंच्या पुढे जातो, म्हणून ती डळमळीत टेबलावर वा फडताळाच्या फळीवर ठेवणे धोक्याचे. थेट ऊन लागणारी खिडकी टाळावी, नाहीतर शेवाळाचा अंमल बसतो. विजेच्या वायरीला बटणापाशी पोहोचण्यापूर्वी खाली झोल द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी थेट जोडणीत शिरत नाही. आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी सर्व बटणे बंद करण्याचा नियम घरातील प्रत्येकाने, विशेषतः मुलांनी, पाळलाच पाहिजे.

पाणी कोणते, हा प्रश्न आपल्याकडे घरागणिक बदलतो. नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरीन असते. ते रुंद तोंडाच्या बादलीत एक दिवस उघडे ठेवले की बहुधा उडून जाते, आणि घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, त्याचा बंदोबस्त करते. जेथे बोअरचे किंवा टँकरचे पाणी येते तेथे ते पुष्कळदा जड असते आणि त्याचा सामू चढा असतो. अशा पाण्यात अमोनिया अधिक घातक ठरतो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी: 25 अंश उष्णतेस सामू 7 असताना त्यातील विषारी अंश शेकडा एकाहूनही कमी असतो, तोच सामू 8 झाला की शेकडा पाचांवर जातो. त्या घरांनी पाण्याचे गुणधर्म बदलण्याच्या खटाटोपात न पडता त्या पाण्याला मानवणारे गप्पी, मॉली, प्लॅटी हे मासे निवडावेत, तेच शहाणपणाचे.

जिवंत पाणवनस्पती मला प्लॅस्टिकच्या झाडांपेक्षा सर्वथा श्रेष्ठ वाटतात. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाने 1850 च्या सुमारास दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरियाची रोपे एकत्र ठेवून पाहिली, आणि कुजलेल्या पानांनी पाणी बिघडू लागले तेव्हा त्यात गोगलगाई सोडल्या. वनस्पती, प्राणी व कुजके खाणारा जीव या तिघांचा मेळ बसताच पाणी सुधारले. ती रिबिनीसारख्या लांब पानांची व्हॅलिस्नेरिया आपल्याकडील नद्या-तलावांतही वाढते, अमोनिया व नायट्रेट शोषून घेते आणि नवशिक्याच्या हातूनही सहसा मरत नाही.

पेटी सिद्ध झाल्यावरही मासे एकदम भरू नयेत. दोन-चार आणावेत, पंधरा दिवस जाऊ द्यावेत, मग आणखी. पिशवी प्रथम पंधरा-वीस मिनिटे पेटीच्या पाण्यावर तरंगत ठेवून उष्णतेचा मेळ बसू द्यावा, नंतर पेटीतील थोडे थोडे पाणी तिच्यात घालावे, आणि मासा जाळीने उचलून सोडावा. दुकानाचे पाणी पेटीत ओतू नये. पुढे नवा मासा आणाल तेव्हा तो दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवावा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग बहुधा नव्या माशाबरोबरच घरात येतो, आणि त्यावरील औषध जंतू पाण्यात मोकळा पोहत असतानाच लागू पडत असल्याने ठिपके गेले म्हणून उपचार लगेच थांबविणाऱ्याच्या पेटीत तो पुन्हा उद्भवतो.

नित्याचे काम फार थोडे आहे. आठवड्यातून एकदा पाव हिस्सा पाणी काढून तितकेच मुरवलेले पाणी घालावे, आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच हलके खंगाळावा, नळाखाली कदापि धरू नये. खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. पाहुणा येतो, मुले कौतुकाने डबी उघडतात, आजोबा संध्याकाळी पुन्हा चिमूट टाकतात, आणि प्रेमापोटी दिलेला हाच अधिक घास कुजून पाणी नासवितो. म्हणून घरात खाद्य देण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असावा. निरोगी प्रौढ मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो, तेव्हा चार दिवस गावी जाताना शेजाऱ्याच्या हाती डबी देऊ नये. याउलट वीज गेली तर मात्र वेळ दवडू नये. उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि वळवाच्या वादळात वीज जाते ती नेमकी मे-जूनच्या उकाड्यात; बॅटरीवर चालणारा एक लहान पंप घरी असावाच. थंडीत पुण्या-नाशिककडील रात्री उष्णप्रदेशीय माशांना सोसत नाहीत, तेथे लिटरमागे सुमारे एक वॅट या हिशेबाने तापक लावावा.

मासे किती आणि कोणते, याचा निर्णय पुष्कळ घरांत वास्तूच्या समजुतीने होतो: आठ सोनेरी आणि एक काळा, अमुक दिशेच्या कोपऱ्यात. कोपरा ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे निवडावा. संख्या मात्र पाण्याने ठरवावी. एका सोनमाशाला चाळीसेक लिटर पाणी लागते, आणि नऊ सोनमासे दोन फुटी पेटीत ठेवणे म्हणजे त्यांना गुदमरून मारणे होय. ज्याला चपळ, काटक मासे हवेत त्याने आपल्याच उपखंडातील झेब्रा डॅनिओंचा सहा-सातांचा थवा ठेवावा. काच साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा तर या पेटीसाठी घेऊच नये. विकत घेताना तो दोन इंचांचा दिसतो, पण पुढे दीड फुटांपर्यंत वाढतो.

आणि असा वाढलेला मासा माणसे नदीत सोडून देतात, तेही दयेच्या भावनेने. हा सकर मूळचा दक्षिण अमेरिकेचा आहे. आज तो भारतातील अनेक नद्या-तलावांत स्थायिक झाला असून कोळ्यांची जाळी फाडतो आणि स्थानिक माशांच्या अन्नावर व जागेवर अतिक्रमण करतो. पेटी बंद करण्याची वेळ आली, किंवा एखादा मासा आवाक्याबाहेर वाढला, तर तो दुकानदाराला परत द्यावा, मोठी टाकी असलेल्या छंदिष्टाला द्यावा; पण नदी, विहीर, धरण वा गणेशविसर्जनाचा तलाव यांत तो कोणीही सोडू नये, अशी माझी वाचकांना कळकळीची विनंती आहे.