वर्गातील मासा मेल्यानंतर

परिसर अभ्यासात सजीवांचे निरीक्षण हा भाग येतो. त्यासाठी वर्गात मत्स्यपेटी ठेवण्याचा उत्साह आपल्यापैकी पुष्कळांना असतो. परंतु पेटीतील मासा मेल्यास वर्गात काय करावयाचे, याचा विचार सहसा आधी केलेला नसतो. प्रस्तुत लेखकानेही तो केला नव्हता.

इंदापूर तालुक्यात उजनीच्या फुगवट्यालगतच्या एका शाळेत असताना आम्ही बारामतीहून दोन सोनेरी मासे आणले. वर्गातील बरीच मुले मासेमारी करणाऱ्या घरांतील. भिगवणच्या बाजारातील चिलापी, कटला, मरळ यांचे ढीग त्यांनी लहानपणापासून पाहिलेले. अशांना बोटभर माशांचे काय अप्रूप, असे मला वाटले होते. पण मुलांनी पहिल्याच दिवशी त्यांचे बारसे केले.

दहाव्या दिवशी सकाळी एक मासा उलटा तरंगताना दिसला. दुसरा तळाशी बसून होता. खाद्य टाकले तरी वर येईना. मुले म्हणाली, "गुरुजी, त्याला जोडीदाराचे दुःख झाले आहे." मला ही कल्पना फार हृद्य वाटली. भाषेच्या तासाला मी 'माशाचे मनोगत' हा निबंध दिला. मुलांनी सुरेख लिहिले. तिसऱ्या दिवशी दुसराही मासा मेला.

तळाशी निपचित बसणे, खाणे सोडणे, पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करणे ही बहुधा पाणी बिघडल्याची लक्षणे होत. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. जुन्या पेटीतील वाळूत व गाळणीत वाढलेले जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व मग पुष्कळच कमी घातक असे नायट्रेट करतात. नव्या पेटीत हे जिवाणू पुरेसे वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे थोडे ठेवावेत, खाद्य चिमूटभर घालावे आणि दर दोन-तीन दिवसांनी पाव हिस्सा पाणी बदलावे. टी.सी.एल. पावडर टाकलेले नळाचे पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवूनच पेटीत घालावे, कारण क्लोरीनने कल्ल्यांना इजा होते. यातील काहीही मला तेव्हा ठाऊक नव्हते. आम्ही माशाचे दुःख लिहीत बसलो आणि पाण्याकडे कोणी पाहिले नाही.

म्हणून मुलांच्या कल्पनेस आवर घालावा, असे कोणी म्हणेल तर ते मला मान्य नाही. माशाला काहीच वाटत नाही, हे म्हणणे आता टिकत नाही. २००३ साली लिन स्नेडन यांनी ट्राउट माशांच्या ओठांत सौम्य आम्ल टोचले, तेव्हा ते ओठ खड्यांवर घासू लागले. मॉर्फिन दिल्यावर हे वर्तन कमी झाले. २०१९ साली फ्रान्समध्ये पट्टेदार माशांच्या माद्यांना दोन डब्या शिकविण्यात आल्या. एका रंगाच्या झाकणाखाली खाद्य, दुसऱ्याखाली नाही. मग मधल्याच रंगाची डबी ठेवली. आवडता जोडीदार दूर केलेल्या माद्या तिच्याकडे जाण्यास अधिक रेंगाळल्या. हा मासा आपल्या चिलापीच्याच कुळातला. तेथे मोजला गेला तो डबीकडे जाण्याचा वेळ. दुःख हा त्यावरून काढलेला तर्क.

मी आता फळ्यावर दोन रकाने करतो : 'काय दिसले' आणि 'आम्हांस काय वाटले'. 'मासा तळाशी बसला' हे पहिल्यात, 'तो दुःखी आहे' हे दुसऱ्यात. पहिल्या रकान्याचा उलगडा आधी करावा, पेटीजवळ जाऊन; निबंध उद्या लिहिता येतो. मासा मेलाच तर रात्रीतून तसाच दुसरा आणून ठेवू नये. मुले मासे ओळखतात, कोळ्यांची तर हमखास. पुरावयाचा म्हणाली तर झाडाखाली पुरू द्यावा. उरलेले मासे मात्र जलाशयात वा नीरेच्या कालव्यात सोडू नयेत. आज घरचीच वाटणारी चिलापीही मूळची आफ्रिकेतील आहे, आणि ती किती पसरली हे आपण पाहतोच.

मागे एका मुलीने विचारले, "गुरुजी, आमच्या जाळ्यातल्या चिलापीलाबी दुखत आसंल का?" तिचे वडील रोज होडी घेऊन जातात. असे प्रश्न टाळण्याचा मोह फार होतो. दुखत असावे, असे मी सांगितले; शिवाय चिलापीची मादी अंडी तोंडात सांभाळते व त्या काळात जवळजवळ काही खात नाही, हेही सांगितले. ती म्हणाली, "ठावं हाय. तोंडातनं पिल्लं बाहेर पडताना म्या बघितल्यात." मग उठून तिने ते पहिल्या रकान्यात लिहिले.